राहत्या घराचा पुरावा

जळगावला आमचं घर होतं ते धाब्याचं, सपाट मातीच्या छताचं. पुढे ओटा, मग बैठकीची खोली, तिच्यामागे माजघर, अगदी शेवटी स्वयंपाकघर आणि परसात आड. माझे यजमान सरकी काढणाऱ्या एका जिनात कारकून होते. कापसाच्या हंगामात जिनाच्या आवारात कपाशीच्या गंज्या लागत आणि दर दोनतीन वर्षांनी एखादी गंजी पेटे. मालकाचा कापूस जळाला तरी मालक उभा राहतो, कारण त्याचा विमा असतो, हे यजमानांनी तिथं पाहिलं. म्हणून मुंबईच्या एका कंपनीचा एजंट गावात आला तेव्हा त्यांनी आमच्या घराचाही आगीचा विमा उतरवला.

आमच्या गल्लीत हे कोणी ऐकलंही नव्हतं. समोरचे नाना, धान्याची दलाली करायचे, ते म्हणाले, "अहो, माणसाचा विमा एक वेळ कळतो. स्वतःच्या तोंडानं घर जळायची भाषा कशाला काढायची?" मलाही ते रुचलं नव्हतं. यजमान नुसते हसले आणि तो इंग्रजी कागद देव्हाऱ्याखालच्या पेटीत ठेवून दिला.

दोन वर्षांनी तापानं ते गेले. मूलबाळ नव्हतं. पाचोऱ्याचा माझा भाऊ येऊन मला घेऊन गेला. भावजय वाईट नव्हती, पण ती मला कशालाही हात लावू देईना. सकाळी उठून पाटावर बसायचं, समोर आलेलं खायचं आणि संध्याकाळची वाट पाहायची, असा महिना काढला आणि मी भावाला म्हटलं, "मला माझ्या घरी सोड." तो म्हणाला, "एकटी राहशील?" मी म्हटलं, "राहीन."

एकटं राहणं जमलं, पण पुढचं दार जमलं नाही. यजमान असताना त्या दारावर कोणी ना कोणी येतच असे. ते गेल्यावर गोसावी, फिरते विक्रेते, चौकशीच्या निमित्तानं बसणारे दूरचे नातेवाईक आणि एकदा संध्याकाळी जिनातला एक पिऊन आलेला माणूस आला. तो बराच वेळ दार वाजवत राहिला. मी आत भिंतीला टेकून उभी होते. दुसऱ्या दिवशी मी पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं, मागून फिरून परसदारानं आत आले, आणि तेव्हापासून मागूनच वावरू लागले. कुलूप दिसलं की कोणी दार वाजवत नाही, हे मला आधीच सुचायला हवं होतं असं तेव्हा वाटलं.

पुढे सगळं त्याच वळणानं गेलं. पाणी घरच्या आडाचं. ज्वारी, डाळ, तेल, मीठ मी एकदाच भरून ठेवलेलं. दूध मी घेत नव्हते. धुणं परसात. पहिलं वर्ष मी कुठं जाऊ नये अशीच रीत होती, आणि वर्ष सरलं तरी जायची सवय राहिली नाही. परसामागे बोळ होता, त्यात जिनातल्या मजुरांच्या खोल्या होत्या. त्या बायका पहाटेच कामाला जात आणि अंधारून आल्यावर परतत. माझी त्यांची गाठ पडत नसे. एजंट दिवाळीच्या सुमारास परसदारी येऊन हप्ता घेऊन जाई. विम्याचा कागद त्यानं माझ्या नावावर करून दिला होता. बाकी कोणाशी बोललेलं मला आठवत नाही.

वैशाखात भाचीचं लग्न निघालं. भावानं फार आग्रहाचं पत्र पाठवलं. मंगलकार्यात मला पुढे व्हायचं नव्हतंच, पण कोठीघर सांभाळायला माणूस हवं होतं. मी सकाळच्या गाडीनं पाचोऱ्याला गेले. दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. तिसऱ्या दिवशी परत आले. स्टेशनवरून चालत गल्लीच्या तोंडाशी पोचले तर जळक्या मातीचा वास. घरापुढं आले तेव्हा ओटा तेवढा शिल्लक होता. बैठकीची खोली आणि माजघर यांचं धाबं खाली बसलं होतं. धाबं पेलणाऱ्या सागवानी सऱ्यांचे काळे तुकडे मातीतून वर आलेले. दाराची चौकट उभी होती आणि तिच्यात अर्धवट जळलेल्या फळीला माझं कुलूप तसंच लटकत होतं.

शेजारच्या गोठ्यात कडबा पेटला होता. आदल्या दुपारी वारा सुटलेला, ठिणग्या आमच्या सऱ्यांच्या बाहेर आलेल्या टोकांवर पडल्या. नाना ओट्यावर आले. मला पाहून थबकले.

"वहिनी, तुम्हाला पाचोऱ्याला निरोप पोचला का? आम्ही पाठवणारच होतो. देवाची कृपा म्हणायची, घर रिकामं होतं."

मी म्हटलं, "रिकामं कसं? मी राहते ना इथं."

 नाना हळूच म्हणाले, "कधीपासून?"

त्यांना वाटत होतं मी भावाकडे गेले ती तिकडेच राहिले. गल्लीतल्या सगळ्यांनाच तसं वाटत होतं. म्हणून आग लागली तेव्हा कोणी माझं कुलूप फोडलं नाही. आत माणूस नाही, मग ज्यानं त्यानं आपापली घरं सांभाळली. त्यांचा राग धरावा असं त्यात काही नव्हतं. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं.

स्वयंपाकघर मात्र वाचलं होतं. मागच्या भिंतीवरून कोणीतरी पाणी टाकलेलं दिसत होतं, परसात चिखल झाला होता. कोणी टाकलं ते नानांना ठाऊक नव्हतं. मी चूल पेटवली, भात टाकला आणि काळ्या माजघराकडे पाठ करून जेवले.

एजंट दोन दिवसांनी आला. तरुण, अदबीचा मुलगा होता. म्हणाला, "काकू, काळजी करू नका. नवऱ्यामागे तुम्ही हप्ते भरलेत, पॉलिसी चालू आहे. फक्त इन्स्पेक्टर येऊन पाहीपर्यंत काही हलवू नका. एक विटकरसुद्धा."

म्हणून मी काही हलवलं नाही. इन्स्पेक्टर धुळ्याहून यायचा होता. तो येईपर्यंत मी त्या ढिगाऱ्याशेजारी राहिले. वारा आला की राख स्वयंपाकघरात येई. भाकरीवर, पाण्यावर, अंथरुणावर. मी पुसायची आणि पुन्हा यायची. यजमानांचा कोट माजघरात खुंटीला असे. तो कुठल्या कोपऱ्यात जळाला असेल हे मला माहीत होतं, पण तिथवर जायची मला मुभा नव्हती.

इन्स्पेक्टर आला तो मृग लागायच्या आधी. कोट-टोपीतला, मध्यम वयाचा गृहस्थ. त्यानं सगळं टेपेनं मोजलं, नानांशी आणि आणखी चारपाच जणांशी बोलला, मग माझ्यासमोर पाटावर बसला. एजंट बाजूला उभा होता.

"बाई, आग लागायच्या आधी तुम्ही कुठं होता?"

"पाचोऱ्याला. दोन दिवस."

"त्याआधी?"

"इथंच."

"इथं म्हणजे या घरात? पुढं कुलूप होतं म्हणतात सगळे."

मी कुलपाची हकिकत सांगितली. त्यानं ती लिहून घेतली. मग म्हणाला, "त्याआधीच्या महिन्याभरात तुमच्या घरी कोण आलं होतं?"

मी आठवून पाहिलं. "कोणी नाही."

"तुम्ही कोणाकडे गेलात?"

"नाही."

"दूधवाला? वाणी? एखादं पत्र?"

"लग्नाचं पत्र आलं होतं. पोस्टमन पुढच्या दाराच्या फटीतून टाकून गेला. मी आडावर होते."

"देवळात जात असाल."

"घरीच करते सगळं."

त्यानं लिहिणं थांबवलं. तो चिडला नव्हता. उलट जरा ओशाळल्यासारखा झाला. म्हणाला, "बाई, पॉलिसीत एक कलम आहे. घर महिन्याहून जास्त काळ रिकामं राहिलं आणि कंपनीला कळवलं नाही, तर आगीची भरपाई मिळत नाही. तुमचे सगळे शेजारी म्हणतात घर वर्षभर बंद आहे."

मी म्हटलं, "चूल पाहा. भांडी पाहा."

"चूल तुम्ही आल्यावर पेटवलीत. त्यावरून आधीचं काही कळत नाही."

माझ्यासमोरच त्यानं नानांना पुन्हा बोलावलं. नाना कष्टी झाले होते. मान खाली घालून म्हणाले, "साहेब, वहिनींचं नुकसान व्हावं असं मला वाटत नाही. पण मी त्यांना वर्षात पाहिलं नाही. खोटं कसं सांगू?"

आषाढात कंपनीचं पत्र आलं. एजंटानं वाचून दाखवलं. दावा नामंजूर. तो म्हणाला, "धुळ्याला जाऊन साहेबांना समक्ष भेटा. कधीकधी उपयोग होतो."

मी त्याआधी कधी एकटी एवढ्या लांब गेले नव्हते. चाळीसगावला गाडी बदलली. धुळ्याच्या आग्रा रोडला एका माडीवर ऑफिस होतं. पावसानं ओल्या झालेल्या लुगड्यानं मी बाकावर बसून राहिले, आणि दुपारी त्याच इन्स्पेक्टरनं मला आत बोलावलं. त्यानं चहा मागवला. मी घेतला नाही.

"बाई, मला तुमचं खरं वाटतं," तो म्हणाला. "पण माझ्या वाटण्यावर मुंबईचं ऑफिस पैसे देत नाही. तुम्हाला त्या महिन्यात घरात पाहिलेलं एक माणूस आणा. नात्यातलं नको, एजंटही नको; त्यानं पाहिलं ते दिवाळीला. एवढं एक माणूस आणलंत तर मी पुन्हा लिहितो."

परतीच्या गाडीत मी एका माणसाचा विचार करत होते. डब्यात कापडाचे गठ्ठे घेतलेले लोक होते, लेकरं होती, पाचोरा, भावाचं गाव, लागलं तरी मी उतरले नाही. माणूस आठवेना.

मग मी गल्लीत दारोदार गेले. वर्षभर ज्या दारांपुढून मी गेले नव्हते तिथं उभी राहून विचारायचं, "चैत्रात तुम्ही मला पाहिलं होतं का?" लोक अदबीनं बसा म्हणत. पाणी देत. कोणी म्हणे, एकदा धुराचा वास आला होता खरा. कोणी म्हणे, आम्हाला वाटलं तुम्ही पाचोऱ्यालाच. एका घरच्या सुनेला मी कोण हेच माहीत नव्हतं. ती लग्न होऊन आल्याला आठ महिने झाले होते.

नानांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. तिनं मला माजघरात नेलं आणि दार लोटून म्हणाली, "हे बघ, मी सांगते साहेबाला की मी पाहिलं तुला. धुण्याला जाताना पाहिलं म्हणते. काय बिघडतं? तुझं घर उभं राहील."

"नको अक्का," मी म्हटलं.

ती दुखावली. तिला वाटलं मी खोट्या साक्षीला भिते. तसं नव्हतं. ती खोटं बोलायला निघाली होती, म्हणजे तिनं मला खरोखरच पाहिलं नव्हतं, आणि दोन घरांमध्ये बैलगाडी जाईल एवढाच रस्ता होता. हे कळल्यावर मला तिथं बसवेना.

बोळातल्या खोल्या शेवटी राहिल्या. तिथं विचारण्यात काही अर्थ नाही असं वाटत होतं. पावसाळ्यात जिन बंद असतं, बरेच मजूर गावी गेले होते. माझ्या परसाच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत तेवढं एक जोडपं उरलं होतं. धुळ्याकडचं. बाई दारात बसून डाळ निवडत होती. माझ्याच वयाची असेल. मी माझा प्रश्न विचारला.

ती म्हणाली, "मी तुले देखं नही."

मी वळले. ती मागून म्हणाली, "पन तू घरमा व्हती, हाई माले माहित शे."

मी थांबले.

"रोज पहाटले तुनं जातं वाजे. ते वाजनं का मी उठू. मंग आडवर बादली. मंग एक दिन काहीच वाजनं नही. मी मन्हा धनीले सांगं, बाई गावले गयी व्हई. दुसरा दिन आग लागनी."

भिंतीवरून पाणी टाकलं होतं तेही त्या दोघांनीच; त्या दुपारी जिन बंद होतं. घरात कोणी नाही हे तिला ठाऊक होतं, तरी टाकलं. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. तिनं सूप बाजूला सारून जागा करून दिली. तिनंच बोलणं चालू ठेवलं.

"तू बोलस बी," ती म्हणाली. "रोज सांजले. कोनासंगे बोलस, हाई माले समजनं नही. कधी भांडस बी."

मला आधी तिचं म्हणणंच कळलं नाही. मी म्हटलं, "माझ्या घरात दुसरं कोणी नसतं." तिनं सूप पुन्हा पुढं ओढलं, आणि मग माझ्या लक्षात आलं. मला वाटत होतं ते सगळं मी मनात बोलते. आज मीठ जास्त पडलं. रहाट कुरकुरतो, तुम्ही असता तर तेल घातलं असतं. तो इंग्रजी कागद कशाला घेतलात, मला वाचता येत नाही. वर्षभर मी हे मोठ्यानं बोलत होते, आणि भिंतीपलीकडे ही बाई भाकऱ्या थापत ऐकत होती.

श्रावणात इन्स्पेक्टर पुन्हा आला. तिनं त्याच्यापुढं पदर सावरून, न घाबरता सगळं सांगितलं. जात्याचं, आडाचं. तो लिहीत होता. म्हणाला, "आवाज तर कुठल्याही घरातून येऊ शकतो. याच घरातला कशावरून?"

"बोलनं आयकू ये ना साहेब. हिनंच बोलनं."

"कोणाशी बोलणं?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तर म्हणालात महिनाभर कोणी आलं नाही."

ओट्यावर नाना होते, अक्का होती, गल्लीतली आणखी दहाबारा माणसं जमली होती. एजंट उगाच छत्री चाळवत होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटल्याशिवाय ती सांगणार नव्हती. हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

मी म्हटलं, "कोणी नव्हतं साहेब. मी एकटीच बोलत असे. यजमानांशी."

 इन्स्पेक्टरनं टाक दौतीत बुडवला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "हे लिहावं लागेल बाई. नाहीतर दोन जबान्या जुळणार नाहीत."

"लिहा," मी म्हटलं.

त्यानं लिहिलं आणि मराठीत वाचून दाखवलं. घरात एकटी असताना मी मयत पतीशी मोठ्यानं बोलत असे, तोच आवाज शेजारणीनं ऐकला. मी खाली सही केली. तिनं अंगठा दिला. इन्स्पेक्टर उठताना मला नमस्कार करून गेला. येताना केला नव्हता.

पैसे पौषात आले. मागितले होते त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त. लाकूड जुनं होतं, भिंती मातीच्या होत्या, असं काही काही वजा केलं होतं. एजंट म्हणाला भांडता येईल. मी नको म्हटलं. त्या पैशात माजघर पुन्हा उभं राहिलं, बैठकीची खोली नाही. तिथली राख काढताना कोटाचं काही सापडलं नाही. मी गड्यांना विचारलंही नाही, नुसती उभी राहून पाहत होते.

गल्ली माझ्याशी चांगली वागू लागली. अक्का वाटीभर काहीतरी घेऊन येई. नाना ओट्यावरून हाक मारून विचारत, "वहिनी, आहात ना?" पण मुलं माझ्या दारापुढं आली की हळू चालत आणि कान देऊन ऐकत, हे मला आतून दिसे. त्यात त्यांचा दोष नव्हता. घरात मात्र माझं तोंड मिटलं ते मिटलंच. मीठ जास्त पडलं तर पडलं. मी मनात बोलायचा प्रयत्न केला, पण मनात बोलताना समोर कोणी असल्यासारखं वाटेना. त्या वर्षी हे मला आगीपेक्षा जड गेलं. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं, आणि कुठल्या कंपनीकडे मागण्यासारखंही.

बोळातली ती बाई पुढच्या उन्हाळ्यापर्यंत होती. आम्ही फार बोलत नसू. तिला काम असे. संध्याकाळी ती भिंतीपलीकडून विचारी, "जेवनी का?" मी म्हणे, "जेवले." एवढंच. एकदा तिनं विचारलं, "आते बोलस नही का तू?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "बोल ना. मी कोनले सांगस का?" मला हसू आलं आणि रडूही, आणि मी आत गेले.

तिच्या नवऱ्याच्या छातीत कापसाची धूळ बसली होती. खोकला थांबेना तेव्हा ती दोघं गावी निघून गेली. निघताना तिनं मला आपल्या शेताची मूठभर मुगाची डाळ दिली, मी तिला एक लुगडं दिलं. गावाचं नाव तिनं सांगितलं होतं, ते साक्रीच्याही पुढं कुठंतरी होतं. पुढं मी धुळ्याला कधी गेले नाही.

दसऱ्याला जिन सुरू झालं आणि त्या खोलीत नवीन माणसं आली. नवरा, बायको, एक म्हातारा. दोन दिवस मी त्यांची भांडी ऐकली. तिसऱ्या दिवशी परसातल्या धोंड्यावर चढून भिंतीवरून पाहिलं. ती बाई लाकडं फोडत होती. मी म्हटलं, "बाई, मी इथं राहते. या घरात."

तिनं वर पाहिलं. "बरं," म्हणाली, आणि पुन्हा लाकडं फोडू लागली. मी थोडा वेळ तशीच उभी राहिले, मग खाली उतरून आडावर पाणी काढायला गेले.